मिठाईतील गोडी आणि मापातील सचोटी

मिठाईवाचून आपला एकही मंगल प्रसंग पार पडत नाही. दीपावलीच्या वहीपूजनास पेढीवर आलेल्या ग्राहकास तोंड गोड केल्याविना निरोप देणे हे व्यापाऱ्याच्या रीतीस शोभत नाही. आमच्या मच्छे-बेळगाव भागात तर कुंद्यावाचून सण साजरा झाल्यासारखे वाटत नाही. परंतु दिवसभर गादीवर बसून व्यवहार करणाऱ्या देहास ही साखर मानवत नाही, याचा प्रत्यय आज घरोघरी येत आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचविले की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी उष्णता एकंदर आहाराच्या दशांशाहून कमी असावी, आणि ती विसाव्या हिश्शाच्या आत ठेविल्यास अधिक बरे. हा विसावा हिस्सा म्हणजे प्रौढ माणसास दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅम, अर्थात सहा चमचे साखर होय. भोगोपभोगपरिमाण व्रत सांगणाऱ्या आपल्या समाजास परिमाणाची ही भाषा नवी वाटू नये.

यावर उपाय म्हणून अलीकडे 'साखरेविना' मिठाईची बरीच वाखाणणी होते. साखरेऐवजी खजूर अथवा गूळ घातला की पदार्थ निर्दोष झाला, असा समज दिसतो. आम्हांस हा हिशेब पटत नाही. खजुराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचाच असतो, आणि गूळ तर बव्हंशी साखरच. खजुरात तंतू व इतर पोषक द्रव्ये आहेत हे खरे. तथापि नाव बदलल्याने गोडी घटत नाही. आपल्या आचारशास्त्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार ही दोन नावे आहेत. खोटे माप, आणि एका मालाच्या नावावर दुसरा माल. जो नियम दुकानातील तराजूस लागू, तो स्वयंपाकघरातील डब्यासही लागू असावा.

म्हणून वजनाने खरोखर कमी साखरेचा आणि घरी सहज होणारा एक पदार्थ येथे देत आहोत. त्यास चॉकलेटचे ट्रफल म्हणतात. हे नाव ऐकून काही भगिनी दचकतील, कारण ट्रफल हे मुळात युरोपात जमिनीखाली वाढणाऱ्या एका बुरशीचे नाव. कोकोची पूड लावलेली गोळी मातीने माखलेल्या त्या बुरशीसारखी दिसते, एवढाच संबंध. पदार्थात ती बुरशी नसते, कंदमूळही नसते. कोकोचे झाडही आता आपणांस परके राहिलेले नाही. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील पोफळीच्या बागांत त्याची लागवड होते. १९७३ साली मंगळूर येथे स्थापन झालेल्या कॅम्पको या सहकारी संस्थेने १९८६ साली पुत्तूर येथे चॉकलेटचा कारखानाही काढला.

साहित्य मोजके आहे: ७० टक्के कोकोचे काळे चॉकलेट २०० ग्रॅम, ताजे क्रीम १०० ग्रॅम आणि वरून लावण्यास गोड नसलेली कोको पूड तीन-चार चमचे. चॉकलेट सुरीने बारीक चिरून भांड्यात घ्यावे. क्रीम मंद आचेवर ठेवून कडेला बुडबुडे दिसू लागताच उतरवावे, खळखळ उकळू नये. ते चॉकलेटवर ओतून दोन-तीन मिनिटे स्वस्थ ठेवावे व मग मध्यापासून कडेकडे हळूहळू ढवळावे. मिश्रण फाटून तूप सुटल्यासारखे दिसल्यास चमचाभर कोमट दूध घालून ढवळावे, म्हणजे ते बहुधा पुन्हा एकजीव होते. दोन तास शीतकपाटात ठेवल्यावर चमच्याने काढून लहान सुपारीएवढ्या गोळ्या वळाव्यात. चॉकलेटमधील स्निग्धांश हाताच्या उबेनेच वितळतो. म्हणून हात गार पाण्याने धुऊन कोरडे करावेत आणि चपळाईने वळावे. शेवटी कोको पुडीत अथवा भाजलेल्या बदामाच्या भरडीत घोळवाव्यात. शीतकपाटात ठेवून चार-पाच दिवसांत संपवाव्यात. ज्यांच्या घरी मर्यादेचा नियम आहे, त्यांनी अर्थातच तो पाळावा.

आता जमाखर्च पाहू. ७० टक्के कोको म्हणजे उरलेले ३० टक्के बहुतांशी साखर. २०० ग्रॅमांत ती सुमारे ६० ग्रॅम. एकूण ३०० ग्रॅम मिश्रणाच्या प्रत्येकी १२ ग्रॅमच्या २५ गोळ्या होतात. म्हणजे एका गोळीत सुमारे अडीच ग्रॅम, अर्ध्या चमच्याहून किंचित अधिक. हेच दुधाळ चॉकलेट वापरल्यास त्यात साखर निम्म्याच्या आसपास असल्याने गोळीमागे चार ग्रॅम भरतात. मात्र साखर कमी असली तरी स्निग्धांश भरपूर आहे, हेही त्याच खात्यावर लिहिले पाहिजे. एक किंवा दोन गोळ्या, हेच याचे परिमाण. मधुमेही बंधूंनी तर आपल्या वैद्यांस विचारूनच घ्याव्यात.

चॉकलेट विकत घेताना वेष्टन वाचण्याचा आळस करू नये. केवळ हिरवे चिन्ह पाहून आपले समाधान होण्यासारखे नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत मध शाकाहारात मोडतो आणि आपणांस तर तो वर्ज्य. बाजारच्या तयार ट्रफलमध्ये काही वेळा मद्यही घालतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. तीत साखर पहिल्या क्रमांकावर असेल, तर तो माल आपल्या कामाचा नव्हे. धान्याची मूठ हातात घेऊन प्रत सांगणाऱ्या आपल्या बांधवांस एवढी पारख जड जाऊ नये.

सणाची गोडी सोडा, असे आम्ही म्हणत नाही. मात्र ताटात किती वाढले आहे हे वाढणाऱ्यास ठाऊक असावे आणि खाणाऱ्यास खरे सांगितले जावे. येत्या दीपावलीस पेढीवर मिठाईचे तबक फिरेल, तेव्हा त्यात अशा चार गोळ्याही असाव्यात, म्हणजे ज्या वडीलधाऱ्यांस आजवर नुसते हात जोडून नको म्हणावे लागते, त्यांनाही वैद्यांच्या अनुमतीने सर्वांबरोबर तोंड गोड करता येईल. समाजातील भगिनी हे मनावर घेतील, अशी आम्हांस खात्री आहे.