लॅपटॉपची वाचा बसते तेव्हां

सन २०२५ च्या १४ ऑक्टोबरास विंडोज १० ह्या कार्यप्रणालीचा मोफत पाठिंबा संपला. २९ जुलै २०१५ रोजीं ती बाजारांत आली होती. म्हणजे दहा वर्षें तिनें घरोघरच्या लॅपटॉपांवर राज्य केलें. तिची जागा घेणारी विंडोज ११ ही २०२१ सालींच तयार होती, परंतु तिच्या अटी कडक. यंत्रांत टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो बहुधा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील हवा. २०१६ च्या सुमारास घेतलेलीं पुष्कळ यंत्रें, हातपाय धडधाकट असूनहि, ह्या अटींत बसत नाहींत. तेव्हां कोणी नवें यंत्र घेऊन विंडोज ११ पत्करली, कोणी जुन्याच यंत्रावर लिनक्सच्या कुळांतील उबुंटू किंवा मिंट ह्या विनामूल्य प्रणालींचा आश्रय केला. आणि मग ओळखीच्या घरांतून एकच तक्रार कानावर येऊं लागली: लिहिणें-वाचणें ठीक चालतें, पण आवाज नाहीं, कॅमेऱ्यांत अंधार, आणि जुनी चित्रफीत उघडावी तर पडदा काळा.

दोष यंत्राचा आहे असें अशा वेळीं सहज वाटतें, आणि दुरुस्तीवाल्यास तसें वाटणें सोयीचेंहि असतें. परंतु काल संध्याकाळपर्यंत बोलणारें यंत्र आज सकाळीं केवळ कार्यप्रणाली पालटतांच मुकें झालें असेल, तर पहिला संशय पालटलेल्या वस्तूवर घ्यावा, न पालटलेल्या वस्तूवर नव्हे. आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील माणसास हें समजावयास दूर जावें लागत नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व सरकारी दफ्तर उर्दूंत होतें. राजवट पालटली म्हणून कोणाचें शेत जागचें हललें नाहीं कीं विहिरीचें पाणी आटलें नाहीं. पण कागद उर्दूंत आणि पुढें बसलेला अंमलदार ती लिपि न जाणणारा, असा प्रसंग आला म्हणजे शेत असून नसल्यासारखें होई. वाचून दाखविणारा मिळाला कीं तेंच शेत पुनः कागदावर उभें राही. निजामकालीन कागद वाचणारे जाणकार आजहि शोधावे लागतात, ते ह्याच कारणास्तव.

लॅपटॉपांत हें दुभाष्याचें काम ‘ड्रायव्हर’ नांवाची आज्ञावली करते. आवाजासाठीं यंत्रांत एक चिमुकली चिप असते. पुष्कळ लॅपटॉपांत ती तैवानमधील रिअलटेक कंपनीची असते. आंकड्यांच्या रूपानें आलेल्या ध्वनीचें ती विद्युत्-लहरींत रूपांतर करते व त्या लहरी स्पीकरास पुरविते. कार्यप्रणालीनें ‘वाजव’ म्हटलें तरी चिपेला तें परस्पर कळत नाहीं. ड्रायव्हरनें तें तिच्या भाषेंत सांगावें लागतें. नैयायिक म्हणतात कीं डोळा धड आहे, पुढें घटहि आहे, परंतु मनाचा इंद्रियाशीं संयोग नसेल तर घटाचें प्रत्यक्ष होत नाहीं. तसाच हा प्रकार. विंडोजमध्यें हे ड्रायव्हर बहुधा यंत्राचा निर्माता पुरवितो, आणि जुनी प्रणाली पुसून टाकली कीं तेहि तिच्याबरोबर जातात. लिनक्सचा गाभा लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहावयास घेतला; तिच्यांत बहुतेक ड्रायव्हर त्या गाभ्यांतच असतात, म्हणून जुन्या यंत्रांवर ती पुष्कळदां कांहीं न करतां बोलूं लागते. अलीकडच्या यंत्रांवर मात्र ध्वनीचें काम प्रोसेसरमधील एका स्वतंत्र विभागाकडे सोंपविलेलें असतें, व त्यास ‘साउंड ओपन फर्मवेअर’ हें जादा साहित्य लागतें. तें नसेल तर आवाजाच्या यादींत ‘डमी आउटपुट’ एवढेंच दिसतें. ह्या दोन शब्दांचा अर्थ यंत्र जळलें असा नसून दुभाष्या आला नाहीं असा आहे.

आमच्या आळींतील एका काकूंची हकीकत सांगितली म्हणजे पुढील गोष्टी सुलभ होतील. त्यांचे यजमान कीर्तनकार होते. त्यांस जाऊन चार वर्षें झालीं. त्यांचीं पांचसहा कीर्तनें मुलानें आपल्या फोनवर टिपून घरच्या लॅपटॉपांत ठेविलीं आहेत आणि वर्षश्राद्धाच्या दिवशीं त्यांतील एक घरांत सर्वजण बसून ऐकतात. २०२५ च्या दिवाळींत पुतण्यानें त्या लॅपटॉपवर लिनक्स कुळांतील एक प्रणाली घातली. हेतु चांगला होता. दोन दिवस घरांतल्या टीव्हीला जोडून सर्वांनीं चित्रपटहि पाहिले. पुतण्या पुण्यास परत गेला आणि लॅपटॉप मुका झाला. शहरांतील एका दुरुस्तीच्या दुकानांत तो नेला असतां सांगण्यांत आलें कीं ध्वनीचा भाग जळला आहे, मदरबोर्ड बदलावा लागेल, साडेसात हजार पडतील. त्यापेक्षां दोन हजारांस विकून टाका. काकू श्राद्धाच्या आठ दिवस आधीं तो पदराखालीं झांकून माझ्याकडे घेऊन आल्या. “मास्तर, विकला तर ह्यांतलें कीर्तन कोठें जाईल?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मी शिक्षक असतांना एमएस-सीआयटीची परीक्षा दिली होती, त्यापलीकडे माझी विद्या स्वकष्टाची. परंतु जळल्याचा निर्णय करण्यास विद्येपेक्षां एका साक्षीदाराची अधिक गरज असते, आणि तो साक्षीदार म्हणजे पेन ड्राइव्ह. आठ जीबीचा किंवा त्याहून मोठा पेन ड्राइव्ह घेऊन त्यावर दुसऱ्या संगणकावरून लिनक्सची प्रत उतरवितां येते. लॅपटॉप त्यावरून चालू केला कीं प्रणाली आंत न बसवितां नुसती चालवून पाहतां येते. आंतील कागदपत्रांस हात लागत नाहीं. मात्र ‘इन्स्टॉल’ ह्या बटनास स्पर्श करूं नये. अशा परक्या प्रणालींत आवाज आला तर चिप, स्पीकर व तारा निर्दोष आहेत हें निर्विवाद सिद्ध होतें. दोन निरनिराळ्या प्रणालींतहि शांतताच असेल, आणि हेडफोन लावूनहि कांहीं ऐकूं येत नसेल, तरच यंत्रावर संशय घेण्यास आधार मिळतो. काकूंचा लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून चालू होतांच व्यवस्थित वाजला. पंधरा मिनिटांच्या ह्या परीक्षेवांचून साडेसात हजारांचा निकाल देणें हें वैद्यानें नाडी न पाहतां शस्त्रक्रिया सांगण्यासारखें आहे.

मग कारण शोधणें सोपें झालें. टीव्हीला जोडण्याची एचडीएमआय तार चित्राबरोबर आवाजहि नेते. दिवाळींत आवाजाचा मार्ग टीव्हीकडे वळविला गेला तो तसाच राहिला. तार निघाली, पण मार्ग वळला नाहीं, आणि लॅपटॉप नसलेल्या टीव्हीला उद्देशून इमानानें बोलत राहिला. आवाजाच्या सेटिंगमध्यें ‘आउटपुट’ ह्या सदरांत जाऊन एचडीएमआयच्या ऐवजीं स्पीकर निवडतांच तोंड उघडलें. मायक्रोफोन तेथेंच ‘इनपुट’ सदरांत शून्यावर होता. तो वर सरकविला. ज्यांस येथेंहि यश येत नाहीं त्यांनीं टर्मिनल उघडून ‘अल्सामिक्सर’ ही आज्ञा द्यावी. उभ्या पट्ट्या दिसतात. ज्या पट्टीखालीं ‘एमएम’ अशीं अक्षरें असतील ती मौनांत आहे असें समजून एम कळ दाबावी. कॅमेऱ्याची कथा सांगावयास संकोच वाटतो. तो मुळींच बिघडलेला नव्हता. पुतण्यानें सुरक्षिततेसाठीं त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. हंसूं नये. कित्येक लॅपटॉपांवर कॅमेऱ्यास सरकती झांपड असते, कित्येकांवर फंक्शन-कळीनें तो बंद होतो, आणि अशा कळी नव्या प्रणालींत चालेनाशा झाल्या म्हणजे बंद झालेला डोळा उघडावा कसा हें कळत नाहीं. एरवीं कॅमेऱ्याचा उपद्रव थोडा, कारण यूएसबीच्या मार्गानें जोडलेले बहुतेक कॅमेरे एकाच ठरलेल्या नियमानें बोलतात व त्यांस निराळा ड्रायव्हर लागत नाहीं.

यापुढें जें झालें त्यानें मी क्षणभर स्तब्ध झालों. कीर्तनाची चित्रफीत लावली. झांजांचा ठेका सुरू झाला, गजर ऐकूं आला, आणि पडदा काळाच राहिला. काकू म्हणाल्या, “मास्तर, आवाज येतो, पण हे दिसत नाहींत.”

येथें ड्रायव्हरचा संबंध नव्हता. हा प्रश्न ‘कोडेक’चा. चित्रफितीच्या नांवापुढें एमपी४ असें लिहिलेलें असतें, पण तें नुसत्या पाकिटाचें नांव आहे. आंतील पत्र कोणत्या संकेतांत लिहिलें आहे हें पाकिटावरून समजत नाहीं. जुन्या फितींत बहुधा एच.२६४ हा संकेत असतो व तो सर्वत्र वाचला जातो. २०१३ सालीं सिद्ध झालेला एचईव्हीसी अथवा एच.२६५ हा संकेत तेंच चित्र सुमारें निम्म्या जागेंत बसवितो, म्हणून अलीकडचे कित्येक फोन तो वापरतात. परंतु त्यावर पेटंटें आहेत व त्यासाठीं परवान्याचा खर्च येतो. येथेंच खरी मेख आहे. लॅपटॉपच्या निर्मात्यानें तो परवाना विकत घेऊन विंडोजबरोबर वाचक बसवून दिलेला असतो, आणि मालकास त्याची वार्ताहि नसते. प्रणाली कोरी करून घातली कीं वाचक जातो. विंडोजमध्यें ती पुरवणी आधींच नसेल तर एचईव्हीसीची पुरवणी मायक्रोसॉफ्टच्या दुकानांतून विकत घ्यावी लागते. लिनक्स मिंटमध्यें प्रतिष्ठापना करतांना ‘मल्टिमीडिया कोडेक बसवावे काय’ अशी चौकट येते. ती खुणेवांचून सोडली, किंवा त्या वेळीं इंटरनेट नसलें, तर काम अर्धें राहतें. उबुंटूमध्येंहि अशीच चौकट आहे. एमपी३ संगीताविषयीं मात्र चिंता नको, त्याचीं पेटंटें २०१७ पर्यंत संपलीं.

दोन्ही घराण्यांवर चालणारा सर्वांत सुटसुटीत उपाय व्हीएलसी हा होय. पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं आरंभिलेला हा विनामूल्य वादक आपले वाचक स्वतःबरोबर घेऊन फिरतो. तो काकूंच्या लॅपटॉपवर बसविला, फीत पुनः लावली, आणि फेटा बांधलेले, वीणा घेतलेले कीर्तनकारबुवा समोर उभे राहिले. काकू कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं चष्मा पुसला व फीत पहिल्यापासून लावावयास सांगितली.

ज्यांनीं विंडोज ११ घातली आहे त्यांचे प्रकार थोडे निराळे. डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळा त्रिकोण कोठें दिसतो काय हें पाहावें. त्याखालीं संकेतांक २८ असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाहीं असा अर्थ. तो यंत्राच्या निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून, आपल्या लॅपटॉपच्या तळाशीं छापलेला नमुना क्रमांक पाहून घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर एका क्षणांत’ असें आमिष दाखविणाऱ्या जाहिरातींच्या वाटेस जाऊं नये; त्यांतून लाभापेक्षां व्याधीच अधिक येतात. ड्रायव्हर असूनहि दुसरी बाजू आपलें ऐकत नसेल तर प्रायव्हसीच्या सदरांत मायक्रोफोन व कॅमेरा ह्यांस परवानगी दिली आहे काय तें पाहावें. आवाज येतो पण क्षीण येतो, ही तक्रार निर्मात्यानें बसविलेली ध्वनिसंस्काराची जोड गेल्यानें होते. ब्लूटूथचें कर्णयंत्र लावून बोलूं लागतांच संगीत टेलिफोनसारखें ऐकूं येणें हा दोष नव्हे. मायक्रोफोन चालू झाला कीं तें यंत्र संभाषणाच्या हलक्या प्रतीवर उतरतें.

जे अद्याप जुन्याच प्रणालीवर आहेत त्यांनीं एक गोष्ट बदलापूर्वींच करावी. विंडोज एक्सपीच्या काळीं विंडोज मीडिया प्लेअरनें सीडीवरून गाणीं उतरविलीं, तर पुष्कळदां त्या फितींस कुलूप लागे, आणि किल्ली त्याच यंत्रांतील त्याच प्रणालींत राही. प्रणाली पुसली कीं फीत शाबूत व किल्ली नष्ट. व्हीएलसीचेंहि तेथें कांहीं चालत नाहीं. कपाटांत पडलेल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवर असा संग्रह वाजत असेल, तर तो वाजतो आहे तोंवरच त्याची सीडी करून घ्यावी व मग वाटेल तें करावें. आपण स्वतः टिपलेल्या फितींस असें कुलूप नसतें, तरी त्यांच्याहि दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं असाव्यात. काकूंकडील एक प्रत आतां त्यांच्या मुलीकडे लातूरला आहे.

आणि पेन ड्राइव्हच्या परीक्षेंतहि यंत्र मुकेंच राहिलें, ध्वनीचा भाग खरोखरच गेला, तरी मदरबोर्ड बदलण्याचें कारण नाहीं. यूएसबीला जोडावयाचा बोटाएवढा ध्वनियोजक कांहीं शें रुपयांत मिळतो. कॅमेऱ्याचेंहि तसेंच, विशेषतः कित्येक नव्या इंटेल लॅपटॉपांतील कॅमेरे लिनक्सला अजून नीट ओळखतां येत नाहींत तेथें बाहेरचा कॅमेरा हाच व्यवहार्य मार्ग. तो खोंचावा, ‘आउटपुट’ किंवा ‘कॅमेरा’ ह्या यादींत त्याचें नांव निवडावें, आणि लॅपटॉप घरांतच ठेवावा.