आधी पान, मग फळ

वणीच्या शिवारात टोमॅटोचा प्लॉट उभा असतो तेव्हा या पिकाचे लाड दिसतात. गादीवाफे, त्यावर मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, बांबू आणि तारेचा आधार, सुतळीने बांधलेल्या फांद्या, आणि हवा ढगाळ झाली की फवारणी. करपा, फळ पोखरणारी अळी, पांढरी माशी यांच्या जोडीला २०१४मध्ये महाराष्ट्रात टुटा नावाची नागअळीही आली. एवढं सगळं निभावून क्रेट पिंपळगाव बसवंतच्या बाजारात पोहोचतात. दिंडोरी तालुक्यातल्या मुरलेल्या शेतकऱ्यालाही जे पीक घाम फोडतं, तेच नवखा माणूस हौसेने पहिल्या कुंडीत लावतो. शेजारी ढोबळी मिरची आणि फ्लॉवर. दोन-तीन महिन्यांत पानं आकसतात, फुलं गळतात आणि निष्कर्ष निघतो, ‘आपल्या हाताला झाडं लागत नाहीत.’

दोष हाताचा नसतो, निवडीचा असतो. झाडाच्या आयुष्यात जो भाग लवकर येतो तो खायचा असेल, तर ती भाजी सोपी. पान सगळ्यात आधी येतं. फळासाठी मात्र झाडाने वाढायचं, कळी धरायची, परागीभवन व्हायचं, फळ टिकायचं आणि पोसायचं. यातल्या कोणत्याही टप्प्यावर गाडी अडते. पालेभाजी महिन्याभरात ताटात येते, त्यामुळे कीड-रोगाला मुक्काम ठोकायला सवड मिळत नाही. शिवाय तिला तीन-चार तासांचं ऊनही चालतं; फळभाजीला किमान सहा तास लागतात.

सुरुवातीची वेळही ठरवता येते. सप्तशृंगगडावरची कोजागरीची कावड यात्रा उरकते तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि थंडीची चाहूल लागते. तिथून माघापर्यंतचा काळ मेथी, कोथिंबीर, पालक आणि मुळ्याचा.

पहिला मान मेथीचा. डब्यातली मेथी रात्रभर भिजवून पसरट कुंडीत किंवा वाफ्यात पेरायची, वर बोटाच्या पेराच्या निम्मी माती. तीन ते पाच दिवसांत कोंब दिसतात, महिन्याच्या आत जुडी निघते. कोथिंबीर थोडी सावकाश. धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात, म्हणून तो चपलेखाली हलकेच रगडून फोडायचा. अख्खाच पेरला की उगवण रेंगाळते. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर माती उकरून बघायची नाही. उन्हाळ्यात हीच कोथिंबीर पाल्याऐवजी लगेच फुलावर येते, तेव्हा तिचा हट्ट धरू नये.

पालक मुळासकट उपटायचा नाही. बाहेरची पानं खुडली की आतून नवी येतात आणि एकाच पेरणीवर तीन-चार वेळा भाजी होते. मुळ्यात पुसा चेतकीसारखं वाण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतं. मुळा दाट उगवला तर विरळणी हवीच, नाहीतर नुसता पाला मिळतो. अर्थात उपटलेल्या कोवळ्या रोपांचीही भाजी होतेच.

पावसाळ्यात पाळी वेलींची. वणीच्या पलीकडे कळवण-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवर घराच्या कुडावर, छपरावर गिलके, दोडके, वाल चढवायची जुनी रीत आहे. मोठ्या ड्रममध्ये दोन बिया आणि गच्चीच्या कठड्याला दोरी एवढ्यावर हे जमतं. फुलं येऊनही फळ धरत नसेल तर घाबरू नये. गिलके-दोडक्याच्या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं. सुरुवातीला बहुधा नर फुलंच येतात. गिलक्याचं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. मधमाशा फिरकत नसतील तर नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला लावायचे.

आता चुकांकडे. आपली काळी माती शेतात सोनं, कुंडीत मात्र दगड. पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. म्हणून निम्मी माती, निम्म्यात कुजलेलं शेणखत आणि वाळू किंवा कोकोपीट. शेणखत ताजं नको. ते मुळं भाजतं आणि हुमणीला आमंत्रण देतं. रोपं उन्हापेक्षा जास्त पाण्याने मरतात. बोट मातीत खुपसावं, आत ओल लागली तर त्या दिवशी झारी बाजूला ठेवावी. कुंडीच्या बुडाचं भोक बुजलेलं असेल तर खत आणि औषध दोन्ही वाया. मावा दिसला तर पाण्याचा फवारा किंवा निंबोळी अर्क पुरतो. पालेभाजीवर शेतातलं औषध मारू नये, कारण ती काही दिवसांतच पोटात जायची असते.

एक हिवाळा पालेभाजी खाल्ली की उन्हाळ्यात गवार आणि चवळी, नंतर भेंडी. भेंडीला साधारण पंचेचाळीस दिवसांत फुलं येतात आणि मग दर दोन दिवसांनी तोडणी. चार दिवस विसरलात तर ती लाकूड होते. बी थेट कुंडीत टोकावं, तिला रोप उपटून लावलेलं मानवत नाही. इथवर आलात की पाण्याचा अंदाज बसलेला असतो आणि पानावरची कीड ओळखू येते. मग खुशाल टोमॅटो लावा, आणि त्याला काठी रोप लहान असतानाच रोवा.