न झालेली सही

बँकेत असताना एकदा, वरून फोन आला म्हणून, अपुऱ्या कागदांवर मी कर्ज मंजूर केले. ते बुडाले. म्हणूनच फ्रान्सिस केल्सीबाईंचे मोल मला कळते.

1960 साली त्या अमेरिकेच्या औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि टेबलावर थॅलिडोमाइडचा अर्ज आला. जर्मनीत ही झोपेची गोळी 1957पासून चिठ्ठीविना मिळत होती. कंपनीने तगादा लावला. बाई पुरावेच मागत राहिल्या. गोळीने हातापायांच्या नसा बिघडतात असे वाचल्यावर त्यांनी विचारले, मग गर्भाचे काय? कंपनीकडे पुरावा नव्हता. सही झाली नाही.

1961च्या नोव्हेंबरात जर्मनीत गोळी मागे घेतली गेली. तोवर जगात हजारो बालके खुंटलेल्या हातापायांची जन्मली होती.

माझ्या सहीने पैसेच बुडाले, एवढेच माझे नशीब.