मोटर आहे, मोटरसायकल नाही

जुलै 2024मध्ये फ्रँकफर्टच्या युरोबाइक प्रदर्शनात डीजेआय या चिनी कंपनीने ड्रोनऐवजी सायकलची मोटर मांडली आणि डोंगरी सायकलींच्या दुनियेत एकच चर्चा सुरू झाली. ‘ॲव्हिनॉक्स’ नावाची ही मोटर 2.52 किलोची, टॉर्क 105 न्यूटन-मीटर आणि ‘बूस्ट’ लावला की 120. ती बसवलेली ‘ॲमफ्लो पीएल’ ही कार्बन फ्रेमची सायकल लहान बॅटरीसह 19.2 किलोपासून मिळते. तोवर या धंद्यात दादा असलेल्या बॉशच्या ‘परफॉर्मन्स लाइन सीएक्स’चा टॉर्क होता 85. पुढच्या वर्षी बॉशनेही सॉफ्टवेअर बदलून तो 100वर नेला. या आकड्यांच्या शर्यतीत सायकल बाजूलाच राहिली आणि नाही नाही ते समज पसरले.

पहिला समज म्हणजे ‘नुसतं बसायचं, ती आपोआप चढते.’ तसं होत नाही. या सायकलींना ॲक्सिलरेटर नसतो. मोटर पेडलच्या आसाभोवती बसवलेली असते आणि तिच्या आतला सेन्सर पाय किती जोर लावतोय ते सतत मोजत राहतो. त्या जोराच्या पटीत मोटर आपली भर घालते. पाय थांबले की तीही थांबते. थांबण्याआधी एखादा क्षण ढकलते खरी, पण तेवढीच सोय मोठ्या दगडावरून चाक पार करायला उपयोगी पडते.

नवख्याची पंचाईत उलट बाजूने होते. चढावर एक पाय जमिनीवर आणि दुसरा सहज पेडलवर टेकवलेला. सायकल सगळ्यात वरच्या मोडमध्ये. पेडलवर थोडं वजन पडायचा अवकाश, ती पुढे झेपावते, पुढचं चाक हवेत जातं आणि स्वार कडेच्या झुडपात. म्हणून थांबल्यावर ब्रेक दाबून ठेवायचा, निघताना खालचा मोड लावायचा आणि उभ्या चढाला सीटच्या टोकावर सरकून कोपर खाली घ्यायचे. दुकानात टॉर्क सांगतात, हे सांगत नाहीत.

‘मग व्यायाम कसला?’ हा ठरलेला टोमणा. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने 2019मध्ये 33 अनुभवी सायकलस्वारांना एकाच मार्गावर दोन्ही प्रकारच्या सायकलींवर पाठवलं. इलेक्ट्रिक सायकलवर हृदयाचे सरासरी ठोके साध्या सायकलीच्या सुमारे 94 टक्के भरले. अभ्यास लहान होता, मान्य. पण घाम येतो एवढं त्यातून दिसतंच. त्याच वर्षी कॅनडात मों-सेंट-ॲनला इलेक्ट्रिक डोंगरी सायकलींची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यतही झाली.

खरा घोळ आहे तो वॉटचा. कागदावर 250 वॉट आणि जाहिरातीत 1000, मग खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. युरोपातल्या कायद्याची 250 वॉटची मर्यादा सलग चालवण्याच्या शक्तीला आहे. चढावरच्या थोड्या वेळाच्या उसळीला ती लागू होत नाही आणि 1000 हा आकडा त्या उसळीचा. सलग 150 वॉट देताना साधारण माणसाला धाप लागते, हे ध्यानात घेतलं की ही उसळी केवढी ते कळतं. पण वेगाची सीमा सगळ्यांना सारखीच. युरोपात ताशी 25 किलोमीटरला मदत बंद होते, मग टॉर्क 85 असो वा 120. त्यामुळे जास्त टॉर्कची सायकल सपाटीवर जोरात पळेल ही आशा सोडा. तो फरक चढावरच दिसतो, आणि तिथेही गिअर नीट लावला तरच. ही मोटर साखळीमार्फत मागचं चाक फिरवते. उभ्या चढाला जड गिअर ठेवलात तर ती घुसमटते, बॅटरी भराभर उतरते आणि साखळी लवकर झिजते.

‘उतारावर बॅटरी चार्ज होते’ हा मोटारगाड्यांवरून उचललेला समज. या सायकलींत उतरताना मागचं चाक फ्रीव्हीलवर मोकळं फिरतं, मोटरपर्यंत काहीच पोचत नाही. वर जाताना खर्चलेलं परत येत नाही, म्हणून किती किलोमीटर जाईल यापेक्षा किती मीटर चढेल हे विचारावं. स्वार आणि सायकल मिळून 100 किलो धरले, तर 1000 मीटर चढायला निव्वळ गुरुत्वाकर्षणापोटी सुमारे 272 वॉट-तास लागतात. रस्त्याचं घर्षण आणि मोटरमधली उष्णता वेगळी. त्यातला किती भार पाय उचलतात यावर 800 वॉट-तासांची मोठी बॅटरी किती पुरेल ते ठरतं.

आपल्याकडे पॅडल मारताच मदत देणारी, 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि 25 किलोमीटरला मदत तोडणारी सायकल मोटार वाहनात मोडत नाही. नोंदणी वा लायसन लागत नाही. मात्र इथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक ई-सायकलींची मोटर मागच्या चाकात असते आणि सोबत ॲक्सिलरेटरही असतो. तिच्यावर एक फेरी मारून डोंगरी सायकलीबद्दल मत बनवू नका.

आणि परदेशातल्या भावाला ‘येताना घेऊन ये’ सांगणार असाल, तर थांबा. प्रवासी विमानात 160 वॉट-तासांवरची लिथियम बॅटरी केबिनमध्येही चालत नाही आणि सामानातही नाही. ॲमफ्लोची लहानातली लहान बॅटरीसुद्धा 600ची आहे.