उंबरठ्याबाहेरचा एक दिवस

आमच्या सदनिकेच्या दाराला लाकडी उंबरठा आहे. त्याची उंची फार तर दोन इंच असेल. चौदा महिने माझ्या आईने तो ओलांडला, तो जवळजवळ केवळ डॉक्टरांकडे जाण्यापुरता. न्हाणीघरात पाय घसरून तिच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, आणि फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला काठीच्या आधाराने चालते केले. ‘आता बाहेर पडायला हरकत नाही,’ असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. तरीही आई बाहेर पडेना. खरे सांगायचे तर आम्हीही तिला बाहेर काढीत नव्हतो. ‘पुन्हा पडलीस तर?’ हा प्रश्न आमच्या घरात दिवसातून एकदा तरी विचारला जाई आणि तो विचारणारा बहुधा मीच असे.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला आम्ही जपत होतो. पण या जपण्यानेच तिची प्रकृती खालावत होती, हे समजायला वेळ लागला.

भीतीचे चक्र

पडण्याचा अनुभव घेतलेल्या वृद्धांच्या मनात पुन्हा पडण्याची भीती घर करते. वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर या भीतीकडे स्वतंत्र समस्या म्हणून पाहतात, कारण ती स्वतःच पुढच्या पडण्याला निमंत्रण देते. भीतीमुळे माणूस कमी चालतो. कमी चालल्याने मांड्या आणि पोटऱ्या क्षीण होतात, तोल राखण्याची सवय मोडते, आणि मग खरोखरच पडण्याचा धोका वाढतो. त्यातच घरातील माणसे ‘उठू नकोस, मी देतो’ असे म्हणू लागली, की हे चक्र अधिक वेगाने फिरते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 65 वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, आणि तोल व स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावेत. ज्यांना इतके जमत नाही, त्यांनी आपल्या शक्तीप्रमाणे जमेल तेवढे करावे, असेही त्यात सांगितले आहे. आमच्या आईची त्या वेळची हालचाल म्हणजे पलंग, खुर्ची आणि देवघर.

मधल्या काळात एकदा आम्ही तिला एका सहलीला नेले होते. पन्नास माणसांची मोठी बस, एका दिवसात चार ठिकाणे. पहिल्याच ठिकाणी पायऱ्या निघाल्या. ‘आजी, तुम्ही बसमध्येच बसा,’ असे आयोजक म्हणाले. आई दोन तास बंद बसमध्ये बसून राहिली. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘माझ्यामुळे तुमचाही दिवस वाया गेला.’ त्यानंतर सहलीचा विषय तिने मिटवूनच टाकला.

रिहे खोऱ्याची वाट

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस एका परिचितांनी मुळशी तालुक्यातील रिहे येथे जाणाऱ्या एका छोट्या निसर्गसहलीविषयी सांगितले. मी आयोजकांना दूरध्वनी केला. मी प्रश्न विचारण्याआधी त्यांनीच मला प्रश्न विचारले. आजी घरात सलग किती मिनिटे चालतात? खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो का? कमोड लागतो का? दुपारची औषधे कोणती? सोबत कोण येणार? हे प्रश्न ऐकताना प्रथमच मला वाटले, की ही माणसे आईला नेऊ शकतील.

आम्ही अकरा जण होतो. सहा ज्येष्ठ आणि त्यांच्यासोबतचे पाच जण. सकाळी आठ वाजता गाडी निघाली. गाडीची पहिली पायरी उंच होती, म्हणून मार्गदर्शकाने रुंद, जड चौरंग खाली ठेवला, तो हलत नाही याची स्वतः उभे राहून खात्री केली, आणि एकेकाला हात देऊन वर घेतले. ज्येष्ठांना मागच्या आसनांवर बसू दिले नाही. गतिरोधकावर मागच्या आसनांना सर्वाधिक हिसका बसतो, आणि ठिसूळ झालेल्या मणक्यांना तेवढाही धक्का महागात पडू शकतो.

चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, मग घोटावड्याकडे वळण आणि पुढे रिहे. अंतर फार नाही, परंतु शहराची गर्दी मागे पडल्यावर दृश्य बदलते. दोन्ही बाजूंना डोंगरांच्या रांगा आणि मधे भाताची खाचरे. पाऊस संपून दीड महिना झाला होता. डोंगरावरचे गवत सोनेरी झाले होते. हवा कोरडी आणि थंड होती.

उतरल्यावर मार्गदर्शकाने एकच नियम सांगितला: ‘आज सर्वांत मागच्या माणसाची चाल हीच आपली चाल. पुढे जायची घाई कोणालाच नाही.’ आणि तो स्वतः सर्वांत मागे, आईच्या शेजारी चालू लागला.

वाट बैलगाडीची, सपाट होती. एकूण चालणे अर्ध्या किलोमीटरहून कमी, तेही दोन टप्प्यांत. प्रत्येक टप्प्यावर झाडाखाली हाताच्या खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. पहिल्या टप्प्यावर आम्ही वीस मिनिटे नुसते बसलो. तारेवर वेडे राघू ओळीने बसले होते. त्यांतला एखादा झेप घेई, हवेतच किडा टिपी आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसे. कुंपणातून भारद्वाजाचा घुमणारा आवाज आला. ज्या काकांना ऐकू कमी येत होते, त्यांना मार्गदर्शकाने उंबराची पाने आणि सागाचे वाळलेले पान हातात दिले. ज्यांची दृष्टी अधू होती, त्यांच्यासाठी पक्ष्यांचे आवाज. प्रत्येकाला ज्या इंद्रियाची साथ उरली आहे, त्या वाटेने निसर्ग भेटू शकतो, ही गोष्ट आजवर माझ्या ध्यानात आली नव्हती.

दुसरा टप्पा खळ्याजवळ होता. भाताची झोडणी चालू होती. आई थांबली. तिचे बालपण भोरजवळच्या भाताच्या गावात गेले; एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती पुण्यात आली. मार्गदर्शक सर्वांना आंबेमोहोर तांदळाविषयी सांगत होता. या तांदळाला आंब्याच्या मोहोरासारखा गंध असतो, म्हणून हे नाव. आईने खळ्यावरचे चार दाणे मागून घेतले, तळहातावर चोळून तूस काढले, आणि म्हणाली, ‘हा आंबेमोहोर नव्हे. आंबेमोहोराचा दाणा आखूड, गोलसर. हा लांब आहे. इंद्रायणी असेल.’

झोडणाऱ्या बाई हसल्या. ‘बरोबर ओळखलंत, आजी. इंद्रायणीच आहे.’

मग पुढची पंधरा मिनिटे मार्गदर्शक गप्प राहिला आणि आई बोलत होती. पावसाआधी राब कसा भाजत, आवणीच्या वेळी दिवसभर चिखलात वाकून कंबर कशी भरून येई, खळे शेणाने कसे सारवत, भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल आणि हरभरा कसा येई. चौदा महिन्यांत मी तिला इतके सलग बोलताना ऐकले नव्हते. बोलता बोलता ती काठी टेकत खळ्याच्या कडेपर्यंत गेली. ती मातीच्या, किंचित असमान जमिनीवर चालते आहे, हे तिच्या लक्षात आले नाही. माझ्या मात्र आले. हात पुढे करण्याचा मोह मी आवरला. मार्गदर्शक तिच्या अशक्त बाजूला, अर्धे पाऊल मागे उभा होता, आणि तेवढे पुरेसे होते.

दुपारी तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, पिठले आणि ताक. जेवणानंतर तासभर आडवे होण्याची सोय होती. तीन वाजता परतीचा प्रवास, आणि अंधार पडण्यापूर्वी घर.

झाडे खरोखरच काही करतात का?

निसर्गाने सर्व रोग बरे होतात, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु काही निरीक्षणे विचार करण्याजोगी आहेत. अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास 1984 साली प्रसिद्ध झाला.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील सुमारे 20 हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला 120 मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती व मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हा वेळ एकाच फेरीत मिळाला की अनेक फेऱ्यांत, याने फरक पडला नाही. अर्थात ज्यांची प्रकृती बरी, तेच अधिक बाहेर पडतात, असेही असू शकते. म्हणून अशा निष्कर्षांकडे औषधाची चिठ्ठी म्हणून नव्हे, तर बाहेर पडण्याचे एक चांगले निमित्त म्हणून पाहावे.

निघण्यापूर्वी

काळजीवाहकांसाठी आमच्या अनुभवातून आणि डॉक्टरांच्या सल्ल्यातून जमलेल्या काही गोष्टी:

• ऋतू : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात शेवाळावरून घसरण्याचा, एप्रिल-मेमध्ये उन्हाचा धोका. दमा किंवा हृदयविकार असल्यास हिवाळ्यातही भल्या पहाटे न निघता ऊन वर आल्यावर चालावे.

• अंतर : घरी जेवढे सहज चालता येते, त्याच्या निम्मेच सहलीत ठरवावे. चालताना बोलता येत असेल तर गती योग्य. बोलताना धाप लागली तर बसावे.

• काठी आणि पादत्राणे : काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उजवा खुबा दुखरा असेल तर काठी डाव्या हातात. पायांत मागे पट्टा असलेली किंवा बंद, न घसरणाऱ्या तळव्याची पादत्राणे. नवी पादत्राणे सहलीच्या दिवशी प्रथमच घालू नयेत. उतार गुडघ्यांना चढापेक्षा अधिक छळतो.

• पाणी : वयानुसार तहान लागल्याची जाणीव मंदावते. लघवीला जावे लागेल या भीतीने अनेक जण प्रवासात पाणीच पीत नाहीत. म्हणून स्वच्छतागृह कोठे आहे, त्याला कमोड आणि धरायला आधार आहे का, हे आधी विचारावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती पाळावी. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ बदलायची का, हे डॉक्टरांनाच विचारावे. गोळी आपल्या मनाने टाळू नये.

• मधुमेह : जेवणाची वेळ चुकू देऊ नये. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वागणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे.

• विस्मरणाचा आजार : अशा व्यक्तीसोबत एक माणूस केवळ तिच्यासाठी असावा. खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. सायंकाळी अस्वस्थता वाढते, म्हणून परत लवकर यावे.

• रानातील सावधगिरी : मोहोळाजवळ धूर करू नये. गवतात आणि दगडांच्या फटीत हात घालू नये. साप चावल्यास बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही न करता, तो भाग फार न हलवता थेट रुग्णालय गाठावे.

• संकटकाळी : छातीत दुखणे, अचानक धाप, बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाल्यास वाट न पाहता 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा वारंवार भोवळ येत असेल, तर सहल पुढे ढकलावी.

आणखी एक गोष्ट या यादीत बसत नाही. आयोजकांना विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ‘काय काय दाखवणार?’ हा नव्हे. ‘जो चालू शकणार नाही, त्याच्यासाठी काय योजना आहे?’ हे विचारावे. याचे उत्तर ‘गाडीत बसतील’ असे आले, तर नम्रपणे नकार द्यावा.

दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी आईचे पाय दुखत होते. तिने स्वतःच गरम पाण्याची पिशवी मागितली आणि दुपारपर्यंत पडून राहिली. मला वाटले, पुन्हा तेच सुरू होणार. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करीत होतो. मागे काठीचा आवाज झाला. वळून पाहिले, तर ती दाराशी उभी होती.

‘खाली मैदानापर्यंत जाऊन येते,’ ती म्हणाली. ‘तू ये हवं तर. पण हात धरू नकोस. तो रिह्याचा मुलगा चालत होता ना, तसा मागे चाल.’

मी चहा तसाच ठेवला आणि अर्धे पाऊल मागे चालू लागलो. पडण्याची भीती आजही आम्हा दोघांच्याही मनात आहे. परंतु उंबरठ्याच्या आत राहूनही ती कमी झाली नव्हती, हे आता आम्हाला ठाऊक आहे. आपल्या घरी असे कोणी असेल, तर एखादे सपाट, सावलीचे, जवळचे ठिकाण शोधा, नीट चौकशी करा, डॉक्टरांना विचारा, आणि एक दिवस निघा. चाल मात्र त्यांची असू द्या.