घरची शुश्रूषा : माया आणि दक्षता

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या आगगाडीनें पेणच्या अलीकडील हमरापूर स्टेशनावर उतरलें, कीं गणपतीच्या कारखान्यांचा मुलूख लागतो. हमरापूर, जोहे, कळवे या गांवांत वर्षाचे बहुतेक महिने मूर्तींचेंच काम चाललेलें असतें. साच्यांतून काढलेली मूर्ति नीट वाळवावयाची, मग घांसून गुळगुळीत करावयाची, मग रंग द्यावयाचा, आणि सर्वांत शेवटीं डोळ्यांची आखणी करावयाची. ही आखणी अनुभवी हाताखेरीज दुसऱ्या कोणाकडे सोंपविली जात नाहीं.

अशाच एका मूर्तिकार स्नेह्यांच्या घरीं एके वर्षीं श्रावणांत आम्ही गेलों होतों. भाद्रपद तोंडावर आलेला. घरांतील लहानथोर सारीं माणसें कारखान्यांत गुंतलेलीं. स्नेह्यांच्या मातोश्रींनीं ऐंशी वर्षें ओलांडलेलीं होतीं. त्यांच्यासाठीं एका ब्यूरोमार्फत एक बाई ठेविली होती. बाई स्वभावानें गरीब व कष्टाळू होती; परंतु शुश्रूषेचें शिक्षण तिला कोणीं दिलें नव्हतें, आणि आजींस कोणतें औषध केव्हां द्यावयाचें तें कोठें लिहूनहि ठेविलें नव्हतें. एके दिवशीं सकाळीं तिनें रक्तदाबाची गोळी दिली. थोड्या वेळानें सूनबाई घाईघाईनें घरीं आल्या आणि गोळी द्यावयाची राहिली असेल असें समजून त्यांनींहि ती दिली. दोघींचा हेतु चांगलाच होता. दुपारीं आजी न्हाणीकडे जाण्यास उठल्या, त्यांस घेरी आली, आणि ओल्या फरशीवर पडून त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. जीव वांचला, परंतु त्यानंतर त्या पुन्हां चालूं शकल्या नाहींत.

पुढें भेट झाली तेव्हां स्नेही म्हणाले, "मूर्तीच्या डोळ्यांना हात लावायच्या आधीं पोराला मी वर्ष वर्ष शिकवतों, आणि आईला हात लावणारीला एक दिवसहि शिकवलं नाहीं!"

हे शब्द आमच्या मनांतून अद्याप गेलेले नाहींत. सेवा ही मायेची गोष्ट आहे, ती शिकावी लागत नाहीं, अशी आपल्या सुशिक्षित कुटुंबांतहि समजूत आहे. ती खरी नव्हे. माया हवीच, परंतु शिक्षण, टिपण आणि देखरेख यांच्यावांचून माया आंधळी ठरते.

आपल्या महाराष्ट्रास ही गोष्ट नवी नाहीं. श्रीमती रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदनाचें कार्य सुरू केलें. परिचारिकेचा धंदा कुलीन स्त्रियांस हलका वाटत असे त्या काळांत तेथील विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत शुश्रूषेचें शिक्षण घेऊं लागल्या. रोग्याची सेवा हें शिकण्याजोगें व सन्मानाचें काम आहे, हें त्या स्त्रियांनीं समाजास दाखवून दिलें.

घरोघरच्या शुश्रूषेंत शिस्त आणल्यास काय घडतें, याचें अलीकडील उदाहरण गडचिरोलीचें. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९५ पासून तेथील ३९ खेड्यांत गांवांतल्याच स्त्रियांस नवजात अर्भकांची काळजी घेण्यास शिकविलें. या आरोग्यदूत स्त्रिया घरीं जाऊन बाळाचें वजन घेत, ताप पाहत, श्वास मोजीत, धोक्याचीं लक्षणें ओळखीत आणि सर्व कांहीं नोंदवून ठेवीत. त्यांच्या कामावर नियमानें देखरेख असे. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात अर्भकांचे मृत्यु, तुलनेसाठीं निवडलेल्या खेड्यांच्या मानानें, सुमारें ६२ टक्क्यांनीं कमी झाले. हा निष्कर्ष १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, व २०११ पासून ही पद्धति देशभर आशा सेविकांच्या कामांत घेण्यांत आली. बाळ रुग्णालयांत जन्मलेलें असलें तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं घरीं येऊन त्यास पाहते.

बाळासाठीं जर असा नेम, तर अंथरुणास खिळलेल्या वृद्धासाठीं कां नसावा? आमच्या वाचकांनीं निदान पुढील गोष्टी आपल्या घरीं सुरू कराव्या.

पहिली गोष्ट वही. औषधाचें नांव, मात्रा व वेळ डॉक्टरांकडून समजून घेऊन ती वही उशाशीं ठेवावी, आणि औषध देणाऱ्यानें तत्क्षणीं सही करावी. सही दिसली तर दुसऱ्यानें गोळीस हात लावूं नये. खाणेंपिणें, लघवी, शौच, ताप यांचीहि नोंद त्यांतच असावी. हमरापूरच्या त्या घरीं एवढी चार आण्यांची दक्षता असती, तर आजी आज चालत्या असत्या.

दुसरी गोष्ट अंथरुणाची. ज्यांस स्वतः हलतां येत नाहीं त्यांची कूस साधारण दर दोन तासांनीं बदलावी. माकडहाड, टांचा, खुबे व खांदे रोज उजेडांत पाहावे. बोटानें दाबूनहि न जाणारी लाली ही शय्याव्रणाची पहिली सूचना होय. अशा जागीं चोळूं नये, तेथील दाब काढावा व डॉक्टरांस दाखवावें. भरवितांना रोग्यास ताठ बसवावें व नंतर अर्धा तास तसेंच ठेवावें. आडवें ठेवून भरविल्यास घांस श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें.

तिसरी गोष्ट घराची. आपल्या कोंकणांतील जुन्या घरांचे उंच उंबरठे, अंधारें माजघर आणि पावसाळ्यांत शेवाळ धरणारें परस हे वृद्धांचे वैरीच होत. न्हाणींत भिंतीस धरावयास मजबूत दांडा, फरशी कोरडी, आणि रात्रभर जळणारा एक लहान दिवा, एवढ्यानें पुष्कळ अपघात टळतात.

चौथी गोष्ट हातांची. आपण सोवळ्याचे नियम कडकडीत पाळणारीं माणसें. देवापुढें जाण्याआधीं हात धुणें कोणाच्या लहरीवर सोडीत नाहीं. तोच नेम रोग्यापाशीं जातां-येतां साबणानें पाळावा.

आतां सेवा करणाऱ्या बाईविषयीं. ती येतांच तिची ओळखपत्रें पाहावीं, आणि परिचारिका म्हणून येत असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी विचारावी. नोंदणी नसलेल्या मदतनीस बाईस इंजेक्शन देण्यासारखीं कामें सांगूं नयेत. पहिले दोन दिवस घरांतील जाणत्या माणसानें तिच्याबरोबर राहून सर्व दाखवावें, आणि पुढेंहि रोज एकदां वही पाहावी.

परंतु हें मागतांना आपलें कर्तव्यहि स्मरावें. चोवीस तास जागी ठेविलेली बाई चुकणारच. तिला झोंप, वेळेवर जेवण, आठवड्याची सुटी आणि ठरलेला पगार मिळालाच पाहिजे. जड रोगी तिनें एकटीनें उचलूं नये. अंगाखालीं आडवी चादर घालून दोघांनीं सरकवावा, म्हणजे तिची पाठ आणि रोग्याची कातडी दोन्ही वांचतात. मौल्यवान वस्तु आधींच कुलुपांत ठेवाव्या, म्हणजे तिजवर उगाच संशय येणार नाहीं. चूक झाल्यास ती न भितां सांगेल इतका विश्वास तिला वाटावा. लपविलेली चूक उघड चुकीहून फार घातक असते.

हमरापूरच्या त्या घरीं आतां आजींच्या उशाशीं वही टांगलेली आहे. हंगाम कितीहि घाईचा असो, मुलगा कारखान्यांतून रोज दुपारीं घरीं येतो, हात धुतो, वही वाचतो आणि मग आईजवळ बसतो. ज्या घरीं म्हातारें माणूस अंथरुणावर आहे अशा आमच्या प्रत्येक वाचकानें हा अंक खालीं ठेवतांच तशी एक वही घालावी, एवढीच आमची विनंती आहे.