बिनमालकाची लीग

फुटबॉल म्हटलं की होस्टेलवर आपली चर्चा मँचेस्टर, चेल्सी आणि बार्सिलोना यांच्या पुढे सरकत नाही. अमेरिकेचं नाव कुणी काढलंच, तर बेकहॅम आणि मेस्सी, आणि तेही "उतारवयात पैसे कमवायला गेले" एवढं म्हणण्यापुरतं. पण मला विचाराल तर त्या देशातला सगळ्यात भन्नाट सीझन त्यांच्या मोठ्या लीगचा नाहीच. तो एक पायरी खाली, 2010 साली झाला. ती लीग एकच वर्ष चालली आणि तिला धड नावसुद्धा नव्हतं. कागदोपत्री 'यू.एस.एस.एफ. डिव्हिजन टू प्रोफेशनल लीग', म्हणजे फेडरेशनची दुसऱ्या दर्जाची लीग. बस्स.

आधी थोडी थिअरी, त्याशिवाय गंमत कळणार नाही. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या तळातल्या तीन टीम्स खाली जातात आणि खालच्या तीन वर येतात, हे आपल्याला पाठ आहे. अमेरिकेत हा प्रकार नव्हताच. तिथे पहिला, दुसरा, तिसरा दर्जा टीमला मिळत नाही, अख्ख्या लीगला मिळतो, आणि तो देते यू.एस. सॉकर फेडरेशन. किती टीम्स आहेत, स्टेडियम केवढं आहे, मालकाच्या खिशात किती आहे, हे सगळं तपासून. त्यामुळे खालच्या लीगमध्ये तुम्ही दहा वर्षं टॉप मारलंत तरी जागचे हलणार नाही. मेजर लीग सॉकर, म्हणजे एम.एल.एस.मध्ये जायचं तर मालकाने फी भरून जागा घ्यायची. रोचेस्टर ऱ्हायनोजचंच बघा. 1999 साली या खालच्या क्लबने वाटेत एम.एल.एस.च्या चार टीम्सना हरवून यू.एस. ओपन कप जिंकला. 1996 मध्ये एम.एल.एस. सुरू झाल्यापासून हा कप जिंकलेला तो बाहेरचा एकमेव क्लब. बढती? मिळाली नाही. कधीच नाही.

आता भांडण. दुसऱ्या दर्जाची लीग तेव्हा यू.एस.एल. नावाची कंपनी चालवायची, आणि ती होती नाइकेच्या ताब्यात. नाइकेने 2008 मध्ये अम्ब्रो विकत घेतली, तिच्याबरोबर ही लीगसुद्धा आली, किराणा घेतल्यावर पिशवी फुकट मिळते तशी. नाइकेला लीग चालवण्यात रस नव्हता. ऑगस्ट 2009 मध्ये तिने ती विकायला काढली. क्लबांच्या मालकांच्या एका गटाला ती स्वतः घ्यायची होती, कारण टीम आमची, तोटा आमचा, मग निर्णय दुसऱ्याचे का? पण ती गेली अटलांटाच्या न्यूरॉक नावाच्या कंपनीकडे. नाराज मालक बाहेर पडले आणि त्यांनी नव्या लीगची घोषणा केली. नाव घेतलं जुनंच, नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग. हो, तीच एन.ए.एस.एल., जिच्या न्यूयॉर्क कॉसमॉसबरोबर पेले 1977 मध्ये कोलकात्याला मोहन बागानविरुद्ध खेळून गेला होता. ती मूळ लीग 1984 मध्ये बंद पडली होती. नाव मात्र अजून वजनदार.

म्हणजे एका दर्जासाठी दोन दावेदार, आणि नीट तग धरतील अशा पुरेशा टीम्स दोघांकडेही नाहीत. डिसेंबर 2009 च्या शेवटी फेडरेशनने दोघांनाही मान्यता नाकारली आणि तडजोडीसाठी जेमतेम आठवडा दिला. एप्रिलमध्ये सीझन. खेळाडूंना पगार कोण देणार, मॅच कुणाशी, काहीच ठरलेलं नाही.

समजा आपल्या मेसवरून दोन कंत्राटदार भांडले आणि रेक्टर म्हणाले, "दोघंही गप्प बसा, यंदा मेस मी चालवतो." नेमकं तसंच झालं. 7 जानेवारी 2010 ला फेडरेशनने जाहीर केलं की बारा टीम्सची लीग या वर्षी आम्हीच चालवू. जिचं काम नियम बघायचं, तिनेच दुकान उघडलं.

बारा टीम्सचे दोन गट केले, पण नकाशा बघून नाही. कोण कुणाच्या बाजूचं, हे बघून! एका गटाचं नाव यू.एस.एल., दुसऱ्याचं एन.ए.एस.एल. त्यामुळे पोर्टलँड आणि व्हँकूव्हर हे सख्खे शेजारी वेगळ्या गटात, आणि पोर्टलँडच्या गटात कोण, तर थेट कॅरिबियन समुद्रातलं पोर्तो रिको. सुदैवाने मॅचेस सगळ्यांच्या सगळ्यांशी होत्या, प्रत्येकी 30. व्हँकूव्हर ते पोर्तो रिको सहा हजार कि.मी.च्या आसपास. टॅम्पा बे आणि पोर्टलँडची होम ग्राउंड्स बेसबॉलची. मिनेसोटाची आधीची टीम पैशाअभावी 2009 मध्ये बुडाली होती, म्हणून तिथल्या क्रीडासंकुलाने घाईघाईत नवी उभी केली. दुसऱ्या दर्जाचा फुटबॉलर होणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

आणि एवढ्या गोंधळात फुटबॉल मात्र झकास झाला. टेबलात सर्वात वर रोचेस्टर. पोर्तो रिको आयलँडर्स प्लेऑफमध्ये जेमतेम शिरले. पण हीच टीम जुलैमध्ये कॉन्ककॅफ चॅम्पियन्स लीगमध्ये लॉस एंजेलिस गॅलक्सीला त्यांच्याच मैदानावर 4-1 ने धुऊन आली होती. बेकहॅमचा क्लब! (तो स्वतः तेव्हा दुखापतीमुळे बाहेर होता, पण म्हणून काय झालं.) प्लेऑफमध्ये त्यांनी आधी रोचेस्टरला काढलं, मग व्हँकूव्हरला. ऑक्टोबरमध्ये कॅरोलायना रेलहॉक्सविरुद्ध दोन लेगची फायनल, एकूण 3-1. या लीगचा हा पहिला आणि शेवटचा विजेता.

सीझन चालू असतानाच फेडरेशनने दुसऱ्या दर्जासाठी नवे कडक नियम आणले. मुख्य मालकाची संपत्ती किमान 2 कोटी डॉलर हवी, शिवाय साडेसात लाख डॉलरचा बाँड. सेंट लुइस आणि बाल्टिमोरच्या टीम्स तिथेच संपल्या. सेंट लुइसचा मालक जेफ कूपर हा तर बंडखोरांच्या पुढाऱ्यांपैकी होता. पोर्टलँड आणि व्हँकूव्हर 2011 मध्ये एम.एल.एस.मध्ये गेले, माँट्रियल 2012 मध्ये. ऑस्टिनची टीम मालकाने उचलून ऑरलँडोला नेली. मिनेसोटाला मालकच मिळेना, म्हणून 2011 मध्ये तिचा खर्च लीगने उचलला, आणि तिने ती लीगच जिंकली! बंडखोरांच्या एन.ए.एस.एल.ला दुसरा दर्जा 2011 पासून मिळाला, 2017 मध्ये तो काढून घेतला गेला आणि 2018 मध्ये ती मैदानावर आलीच नाही. यू.एस.एल. टिकली. मार्च 2025 मध्ये तिच्या मालकांनी बढती आणि घसरण आणायच्या बाजूने मत दिलं.

कोण वर गेलं आणि कोण बुडालं, याचा त्या वर्षीच्या टेबलाशी काही संबंध लागतो का, हे मी कागदावर मांडून बघितलं. लागत नाही. टॉपची रोचेस्टर एम.एल.एस.च्या बाहेरच राहिली. आणि चॅम्पियन आयलँडर्स 2012 चा सीझन खेळले, मग "एक वर्ष ब्रेक घेतो" म्हणाले, आणि परत आलेच नाहीत.